शैला टीचरच्या पाण्याची घंटा

इस्पितळातून घरी आलेल्या माणसाकडे लोक दोन वस्तू घेऊन येतात, शहाळं आणि सल्ला. शहाळं त्याच दिवशी संपतं. सल्ला उरतो, त्याला दुसरा सल्ला येऊन मिळतो, आणि असं होता होता प्रत्येक सल्ल्यामागे एक किस्सा जमा होतो. माझा आजार तर जन्मापासूनचा, तेव्हा माझ्याकडचा साठा केवढा असेल बघा. त्यातले थोडेच, फक्त शाळेतले, आज सांगते.

शाळा पेडणे तालुक्यात, इब्रामपूरच्याही आत, एका वाड्यावर. गोवा राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. हेडमास्तर गावस सर, फोंड्याहून आलेल्या मीनाक्षी टीचर, आणि सगळ्यांत नवी मी, शैला. घंटा वाजवायला आणि बाकी सगळंच करायला बाबलो. मी अजून नोकरीत कायम झाले नव्हते. काम आणि हजेरी बघून वरचे साहेब ठरवणार होते. कामाची मला धास्ती नव्हती, हजेरीची होती. मला सिकल सेल. कधी हाडं ठणकायला लागतील आणि आठ-पंधरा दिवस खाटेवर पाडतील, याचा नेम नाही. कायम झाले नाही तर घरी बसायचं, आणि घरी बसलं की गाव आपल्याला आजारी मुलगी म्हणूनच ओळखतो. मला टीचर म्हणून ओळखलेलं फार आवडायचं.

*

पहिल्याच पालकसभेत मी आजार सांगून टाकला. लपवलं की लोक भलतंच काहीतरी ठरवतात. फळ्यावर एक गोल काढला, म्हटलं ही तुमची रक्तपेशी. शेजारी विळ्यासारखी वाकडी काढली, म्हटलं ही माझी. अशा वाकड्या पेशी बारीक नसांमध्ये अडकतात, की दुखणं सुरू.

एका आईने हळूच विचारलं, "लागता काय ओ टीचर?"

"लागत नाही. आई आणि बाबा, दोघांकडून थोडा थोडा येतो तेव्हा होतो."

मागच्या बाकावर आबा गावकर बसले होते. गावचे मानकरी, देवळात देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे. शाळेत नातू, म्हणून सभेला. त्यांनी विचारलं, "म्हणजे वांटणीत येता. भावाक मेळलां?"

"नाही, तो सुटला."

आबा सभेकडे वळून म्हणाले, "पळयात! माडांच्या भाटाच्या वांटणीक भाव-भाव डोकीं फोडतत. ह्या वांटणीक एकय कोर्टात वचूक नाय."

सभा हसली. त्या दिवसानंतर माझ्या आजाराबद्दल गावात कोणी कुजबुजलं नाही, जे बोलायचं ते मोठ्याने बोलायला लागले. ते कधी कधी कुजबुजीपेक्षा जास्त त्रासाचं असतं, हे मला पुढे कळलं.

*

म्हापशाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "पाणी पीत राहा. तहान लागायची वाट बघू नका." मी शिकवायला लागले की विसरायचे. बाटली टेबलावर भरलेली यायची आणि भरलेलीच परत जायची.

बाबल्याच्या हे लक्षात आलं. त्याने कोणाला न विचारता तासाच्या मध्ये एक टोला द्यायला सुरुवात केली. एक टोला म्हणजे शैला टीचरने पाणी प्यायचं. पण मुलांना हे कोण समजावणार? मी बाटली तोंडाला लावली की एकाच मोठ्या खोलीत बसणारे चारही वर्ग बाटल्या काढायचे. वर्गात गटागटा असा आवाज चालायचा. मला गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. एकटीने औषध घ्यावं तसं ते राहिलं नव्हतं.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. अर्ध्या तासाने पहिलीतला एक हात वर, "टीचर, एकीला?" मग दुसरा, मग अख्खी पहिली. गावस सर गणित शिकवता शिकवता रिकाम्या बाकांकडे बघत उभे.

दुपारी त्यांनी बाबल्याला बोलावलं. मला वाटलं, घंटा बंद. सर शांतपणे म्हणाले, "बाबलो, एक घंटा दिलीस ना, आता दुसरीपण दी. एकदम जावंदेत सगळी."

*

सभेत एवढं समजावलं, पण गावाच्या लक्षात "रक्त कमी" एवढे दोनच शब्द राहिले होते. त्यावरून गावाने ठरवलं की जे लाल ते शैला टीचरला. बीट आलं, डाळिंब आलं, आणि तांबडी भाजी तर जुड्यांनी आली. रोज सकाळी स्टाफरूमच्या मेजावर ढीग. कोणाच्या परसातली, कोणाच्या शेताच्या बांधावरची.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "पालेभाजी खा, भरपूर खा, तुमच्या फॉलिक ॲसिडच्या गोळीत जे आहे ते पाल्यातही असतं. अळसांदे खा, मूग खा, अंडं खा, मासे खा. खाण्याने पेशी सरळ होणार नाहीत, पण अंगात ताकद राहील. फक्त लोहाच्या गोळ्या मी सांगितल्याशिवाय घेऊ नका." म्हणजे गावाचं कारण चुकलं होतं, भाजी बरोबर होती.

भाजी एवढी यायची की मी दोन्ही शिक्षकांना वाटायचे. गावस सरांच्या बायकोने एकदा शाळेत येऊन मला विचारलंच, "आमचो हो मास्तर हल्ली पगार म्हणून भाजी हाडता, ता खरां?"

गोळ्यांचं सांगायचं राहिलं. तिसरीतल्या जनीच्या आईने कुठून तरी लोहाच्या गोळ्यांची पाकिटं आणली, पदराखालून काढून माझ्या हातात कोंबली. मी समजावलं, मला लोखंड नको, डॉक्टर नको म्हणाले. तिचा चेहरा पडला. जरा विचार करून म्हणाली, "मगे पितळ चलात?"

*

तेव्हा भाषेचा वाद गोव्यात घरोघर पोचला होता, आमच्या स्टाफरूममध्ये तर ठाण मांडून होता. गावस सर मराठीचे, मीनाक्षी टीचर कोंकणीच्या. दोघंही मनाने चांगली, पण विषय निघाला की चहा निवून जायचा.

एकदा जास्तच झालं. मीनाक्षी टीचर अस्खलित मराठीत म्हणाल्या, "सर, आपण जे विधान करत आहात त्याला काहीही आधार नाही." सर तांबडेलाल झाले, मेजावर हात आपटून ओरडले, "आमची भास मराठीच! कळ्ळां मां तुका?"

आपण कुठल्या भाषेत ओरडलो ते सरांना स्वतःलाच ऐकू आलं. मी बाटलीतलं पाणी प्यायले, घंटा झालेली नसताना.

दोघांचं बोलणं काही दिवस बंद होतं. त्या दिवसांत माझी मात्र चंगळ. सर घरून तिजाण, म्हणजे नाचण्याची गोड पेज, आणायचे, मीनाक्षी टीचर अळसांद्यांची भाजी आणायच्या. दोघंही मधल्या सुट्टीत डबे माझ्यापुढे ठेवून दोन टोकांना बसायचे आणि मी आधी कोणाचा उघडते ते बघायचे. मी झाकणं एकदमच उघडायला शिकले. शेवटी मीनाक्षी टीचरच म्हणाल्या, "सर, तिजाणात गूळ जरा कमी घाला." सर म्हणाले, "बरां." समेट झाला, आणि माझे डबे निम्मे झाले.

*

श्रावणी सोमवार मी लहानपणापासून धरायचे, कडक, पाण्याचा थेंबही नाही. डॉक्टरांनी ते ऐकून कपाळाला हात लावला. "उपाशी आणि तहानलेली राहिलात तर दुखणं स्वतःहून बोलावताय." पण आईने माझ्या लहानपणी माझ्यासाठीच नवस बोललेला, आजारातून निभावलं तर पोर सोमवार धरेल म्हणून. तो मोडायचा कसा? मला डॉक्टरांची भीती होती, आईची जास्त होती.

आबा गावकरांना कळलं. ते म्हणाले, "तां माज्यार सोड." सोमवारी देवळात आईला, मला, गावस सरांना आणि बाबल्याला उभं केलं. आपल्याकडे गाऱ्हाणं चाललं की हात आपोआप जोडले जातात, डोळे मिटतात, आणि दर वाक्याला तोंडातून "व्हय म्हाराजा" निघतंच. लहानपणापासूनची सवय.

आबांनी सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवान आजपर्यंत तुजो उपास धरलो."

"व्हय म्हाराजा."

"आता तिका पाणी सोडल्यार बाधता. तो उपास ह्या शाळेच्या थोरल्यान आपल्या माथ्यार घेतलो, तो तू मानून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. गावस सरही म्हणाले, डोळे मिटून, मनापासून.

मग सरांनी डोळे उघडले. "आबा, थोरलो म्हणजे कोण?"

आबा म्हणाले, "व्हय म्हणलात मां? मगे झालां."

गावस सरांना भुकेचं फार वाईट. पण अख्खा श्रावण त्यांनी सोमवार धरले. दुपारी मी त्यांच्यासमोर डबा खायचे, कारण मी खाल्लं नाही तर ते रागवायचे. आईने त्यांच्यासाठी दर सोमवारी संध्याकाळी हळदीच्या पानातल्या पातोळ्या पाठवल्या.

*

चतुर्थी होऊन गेली आणि पाऊस परत फिरून आला. शाळेला येता येता मी चिंब भिजले, अंगात थंडी भरली, आणि प्रार्थनेलाच पाय ठणकायला लागले. हे दुखणं कसं असतं ते सांगता येत नाही. हाडाच्या आतून कोणीतरी पिळतंय असं वाटतं, आणि ओरडायलाही दम पुरत नाही. मी फळ्याच्या कडेला बसले आणि मुलांना म्हटलं, पाढे म्हणा. ती घाबरून मोठमोठ्याने म्हणत राहिली.

बस निघून गेली होती. बाबल्याने पायलट, म्हणजे भाड्याचा मोटारसायकलवाला, गाठला. पण मला वारा लागता कामा नये, आणि शाळेत पांघरूण कुठलं? तेवढ्यात आमचा पोदेर, म्हणजे पाववाला, पास्कू सायकलवर पावाची टोपली, पाटला, घेऊन भोंगा वाजवत आला. पाव गरम राहावेत म्हणून पाटल्यात जाड चादर असते. त्याने ती काढली आणि मला गुंडाळलं. मागे मीनाक्षी टीचर मला धरून बसल्या. पेडण्यापर्यंत मी रडत होते, आणि नाकात ताज्या पावाचा वास.

इस्पितळात खाटेवर घातलं, सलाईन लागलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने दोनदा हुंगलं आणि विचारलं, "उंडे हाडलेत काय गो बाय?"

दुसऱ्या दिवशी पास्कू चादर न्यायला आला, येताना उंडे, ते गोल पाव, घेऊन. मी म्हटलं, "पास्कू, तुझे पाव निवले असतील रे काल."

तो म्हणाला, "गांवान काल थंड पाव खाल्लो, टीचर. पूण एकान तोंड उघडूंक ना."

मी तोंड चादरीत खुपसलं. त्याला वाटलं परत दुखतंय, तो नर्सला बोलवायला धावला.

*

या दुखण्यात माझी सगळी रजा संपली. परत शाळेत आले तेव्हा भागशिक्षणाधिकारी येऊन बसले होते. माणूस वाईट नव्हता, पेडण्याचाच. म्हणाले, "बाई, तुमचे वर्ग मी पाहिलेत, मुलं तयार आहेत. पण तब्येत नोकरीला झेपेल असं लिहायची माझी हिंमत होत नाही. सरस्वतीपूजनाला मी येणार आहे. तेव्हा काय ते ठरवतो."

नवरात्रापर्यंत सगळ्या गावाने माझ्यावर पहारा ठेवला. बाबल्याचा टोला चुकला नाही, तिजाणाचा डबा चुकला नाही, ढग दिसला की कोणीतरी छत्री घेऊन दारात. मला कधी कधी राग यायचा. पण झोपताना वाटायचं, आता कायम झाले नाही तर ही सगळी माणसंही हरतील.

पूजनाच्या दिवशी शाळा झेंडूच्या माळांनी सजली होती. साहेब आले, पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले. वर्ग बघून झाले, वह्या बघून झाल्या, माझ्याबद्दल एक अक्षर नाही. मी टेबलाशी उभी. बाबल्याने टोला दिला, मी पाणी प्यायले, मुलं प्यायली. साहेबांनी ते नुसतं बघितलं.

मग आबा गावकर नारळ घेऊन उभे राहिले. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. साहेबांनीही.

"बा देवा म्हाराजा, आय सरस्वती, हीं लेकरां तुज्या पायांकडे बसलीं आसत, तेंका विद्या दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"शाळेची कौलां गळतत, तीं बदलून मेळूंदेत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ही आमची शैला टीचर. हिच्या रगतात वाकडेपण आसा, शिकवण्यात नाय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"पाणी पिता, पालो खाता, सांगलां तां आयकता. दुखलां तर पडात, पूण उठून परत ह्याच शाळेत येयत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." माझ्या वाटणीचं मीनाक्षी टीचर म्हणाल्या.

आबांनी आवाज चढवला. "हिका हांगाच कायम कर. आनी कायम करपाची सही ज्याच्या हातात आसा, तेणां ती आज, ह्याच मेजार करूंक जाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत खणखणीत आवाज पहिल्या रांगेतल्या खुर्चीतून आला.

शेजारी गावस सरांनी सावकाश डोळे उघडले. साहेबांनीही उघडले, हात अजून जोडलेलेच.

आबांनी नारळ खाली ठेवला आणि त्यांच्याकडे वळून विचारलं, "व्हय म्हणलात मां, सायब?"