साहेबांच्या खुर्चीखालचा गालिचा

साहेब खुर्चीवर बसले होते, खुर्ची गालिच्यावर होती, आणि मला तो गालिचा काढायचा होता. कडेवर माझा बाळ्या, त्याच्या तोंडात माझ्या मंगळसूत्राची वाटी. समोर अख्खी चाळ बसलेली.

त्या दिवशी आमच्या काळाचौकीच्या मंडळाची सत्यनारायणाची पूजा होती, आणि पूजेनंतर आमचा डान्सचा प्रोग्राम. आमचा म्हणजे मीनलताईंचा. ताई दादरच्या. नाच बसवतात, शिकवतात, आणि नाचताना अंगात काय काय होतं त्याचा अभ्यास पण करतात. त्यांच्या घरी भिंतीवर सोललेल्या माणसाचं चित्र आहे, नुसते लाल लाल स्नायू. आमचे हे मला पहिल्यांदा न्यायला आले तेव्हा म्हणाले, "ह्याने फी भरली नाही वाटतं?"

मी ताईंची असिस्टंट. शिक्षण सातवी नापास. संपानंतर ह्यांची गिरणी उघडलीच नाही, म्हणून मी क्लासमध्ये झाडू मारायला लागले. एकदा ताईंना उशीर झाला तर मीच पोरांचा वॉर्मअप घेतला. वॉर्मअप म्हणजे नाचायच्या आधी अंग गरम करायचं, थंड पोटऱ्यांनी उड्या मारल्या की पोटऱ्या धरतात. ताईंनी दारातून बघितलं आणि माझ्या हातातला झाडू काढून घेतला.

आमच्याकडे ऐकू येणारी आणि न येणारी पोरं एकत्र नाचतात. सगळे एकच विचारतात, बहिऱ्या पोरांना ताल कसा कळतो? पायातून कळतो. ढोल लाकडी फळ्यांवर उभा ठेवून वाजवला की फळ्या थरथरतात, ती थरथर तळव्यातून पोटरीत, गुडघ्यात, पार छातीपर्यंत चढते. ताई म्हणतात, कान बंद असले तरी हाडं उघडी असतात. म्हणून जमीन लाकडाची पाहिजे. आम्ही शिकवायचो ती परळच्या शाळेतली खोली, तिथे सिमेंटचा कोबा. कोब्यातून काही म्हणजे काही येत नाही, वर नडग्या दुखतात त्या वेगळ्या.

मंडळाच्या व्यायामशाळेला लाकडी जमीन होती. गिरण्या बसल्यावर तिथली पोरं गावी गेली, खोलीला कुलूप. मंडळाचे सेक्रेटरी परबकाका मला म्हणाले होते, "पूजेक प्रोग्राम करून दाखवा. कमिटीक पटलो तर खोली तुमची. नाय पटलो तर परत इचारूक येव नको."

म्हणजे सगळं त्या एका नाचावर.

आता परबकाका स्वतः गिरणीच्या सांचेखात्यातले. मागांच्या खडखडाटात जन्म गेला, डावा कान कामातून गेलेला. आमच्या चाळीत अर्धे म्हातारे तसेच. रेडिओ लावतात तो भोईवाड्यात ऐकू जातो. पण त्यांना बहिरं म्हणायची कोणाची टाप आहे? आमच्या पोरांना मात्र तेच म्हातारे म्हणणार, "बिच्चारी गो."

सकाळी स्टेजच्या फळ्यांवर रिहर्सल मस्त झाली. मी बाळ्याला पाजायला घरी गेले. परत येते तर काय, स्टेजभर लाल गालिचा! खाली काथ्याची गादी, वर पाहुण्यांच्या खुर्च्या, कडेने खिळे.

"काका, हे काय?"

"पोरांच्या पायाक फळ्यांचे खिळे लागतले म्हणान मुद्दाम मागवलंय. डेकोरेटर देत नव्हतो, भांडान आणलंय."

किती मायेने सांगितलं! मी तोंड उघडेपर्यंत प्रमुख पाहुण्यांची, म्हणजे साहेबांची, गाडी आली आणि काका हार घेऊन धावले.

साहेब बसले. पोरं उभी राहिली. मागे ढोलावर आमचे हे. सुरुवात वंदना करणार होती. न ऐकणाऱ्यांतली सगळ्यात मोठी. ती बाकीच्यांकडे पाठ करून उभी, कारण ताईंनी नाच मुद्दाम तसा बसवलेला, कोणी कोणाचं बघून नाचायचं नाही. ढोल सुरू झाला. वंदना उभीच. तिने पाय आपटला, परत आपटला. मग स्टेजच्या कडेला उभ्या माझ्याकडे बघून तळहात उलटा केला. म्हणजे पायात काहीच येत नाही.

खाली कुजबूज. "सांगितलेलं ना, नाय जमणार."

ताई पहिल्या रांगेत. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांनी बसल्या बसल्या हाताने गुंडाळायची खूण केली.

"ताई, तुम्ही या ना वर!"

"असिस्टंट कोण आहे?"

गेले साहेबांसमोर. काय करणार?

"साहेब... जरा उठता का?"

"मी?"

"तुम्ही आणि खुर्ची. शेजारचे पण."

काका धावत आले. "येडी झालंस काय गो सूनबाई? साहेबांका उठवतंस?"

मी एका दमात म्हटलं, "काका पोरांना पायातून ऐकू येतं आणि तुमच्या गालिच्याने ढोल दाबलाय तुम्ही मायेने घातलात पण त्यांचे कान बुजलेत हो!"

काकांनी उजवा कान पुढे केला. "काय?"

मी परत तेच, पण ओरडून. माईक चालू होता. अख्ख्या काळाचौकीने ऐकलं.

मला वाटलं, गेली खोली, गेली नोकरी. मग साहेब हसायला लागले. "काढा की मग. सकाळपासून सगळीकडे बसूनच आहे मी." त्यांनी स्वतःची खुर्ची उचलली. मी म्हटलं, "साहेब, ती राहू दे, ह्याला धरा जरा," आणि बाळ्याला त्यांच्या हातात दिला. एवढं धाडस कुठून आलं ते देवाला माहीत. बाळ्याने मंगळसूत्र सोडून साहेबांच्या हाराची झेंडूची फुलं खायला घेतली.

घरात उशी न उचलणारे आमचे हे पक्कड घेऊन खिळे उपटायला पहिले. पोरांनी गालिचा ओढला, काथ्या ओढला, धुळीने साहेब शिंकले.

ढोल परत वाजला. वंदनाने फळीवर पाय ठेवला आणि तिचं तोंड असं उजळलं म्हणून सांगू! निघालीच ती. तिच्यामागून सगळी. अख्ख्या नाचात एकच पोरगा चुकला, तो ऐकू येणाऱ्यांतला.

कमिटीने तिथल्या तिथे खोली दिली, मंगळवार आणि शनिवार. काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "आधी सांगूक काय झाला तुका?"

"तुमची भीती वाटते."

काका एकदम खूश. प्रसाद वाटणाऱ्या काकींना म्हणाले, "ऐकलंस? माका घाबरतत!"

काकींनी मान पण वर केली नाही. "कोण?"

आता कुठेही प्रोग्राम असला की मी आधी चप्पल काढून स्टेजवर पाय आपटून बघते, मग आयोजकांना नमस्कार करते. काहींना ते उद्धट वाटतं. वाटू दे. पाहुणे बसायच्या आधी जे बोलायचं ते बोलून घ्यावं. बसलेल्या पाहुण्याला उठवायला फार दम लागतो, आणि सगळेच साहेब काही तसे नसतात.