इंजिन बांधायचं की बदलायचं

२४ मे, शनिवार. गाडीत हजर: आई, वय एक्याऐंशी, मागच्या सीटवर उशीला टेकून, धाकटा भाऊ, वय सेहेचाळीस, स्टिअरिंगवर, मी, वय बावन्न, त्याच्या शेजारी, मांडीवर रिकामा तांब्या आणि उरलेल्या केळीच्या पानांची गुंडाळी. तिरुवैयारूला नदीकाठी वडिलांचं, अप्पांचं, वर्षश्राद्ध उरकून आम्ही तंजावरला घरी निघालो होतो. नदीत घोट्याएवढंही पाणी नव्हतं.

वेट्टार नदीचा पूल चढताना उष्णतेचा काटा लाल रेघेला टेकला. भाऊ म्हणाला, पुलावर नको, उतरून थांबू. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे मला आधी पायांनाच कळलं. मग खडखड झाली, मग एकदम सगळं गप्प झालं. पाण्याची नळी फाटली होती आणि पाणी कधीच गळून गेलं होतं. आईला मी ऑटोत घालून घरी नेलं. भाऊ गाडीपाशी थांबला आणि संध्याकाळी ट्रॅक्टरला बांधून ती मेस्त्रीकडे घेऊन गेला.

ही गाडी म्हणजे भावाची नोकरी होती. ओरत्तनाडूच्या पलीकडे एक सरकारी शाळा आहे. तिथल्या सहा शिक्षिका तंजावरला राहतात. रोज सकाळी त्यांना न्यायचं आणि दुपारी आणायचं, एवढंच काम. आधी अप्पा करायचे, ते थकल्यावर भाऊ. शाळा २ जूनला उघडणार होती. त्यांच्यात वयाने मोठ्या असलेल्या बाईंना भावाने त्याच रात्री फोन केला. त्या म्हणाल्या, दोन तारखेला गाडी दारात हवी, नाहीतर आम्हाला दुसरी बघावी लागेल. यात त्यांचं काही चुकत नव्हतं. नऊ दिवस होते.

सोमवारी मी ऑफिसातून अर्धी रजा काढून मेस्त्रीच्या शेडवर गेले. शेड पट्टुकोट्टै रस्त्यावर आहे, मेस्त्री अप्पांच्या वयाचा नसला तरी अप्पांच्या ओळखीचा. इंजिन उघडून ठेवलं होतं. हेड वाकलं होतं, दोन पिस्टन घासले होते, सिलिंडरच्या भिंतीवर बोट फिरवलं की चरे लागत होते. मी वही काढली आणि पानाच्या मधोमध रेघ मारली.

डावीकडे, आहे तेच खोलून पुन्हा बांधणं: सिलिंडरचं बोअर, मोठ्या मापाचे पिस्टन, बेअरिंग, क्रँक घासून घेणं. मशीनकाम ट्रिचीला, तिथे रांग. बारा दिवस, कदाचित पंधरा. उजवीकडे, बदलणं: मागून ठोकर बसून मोडीत निघालेल्या अशाच एका व्हॅनचं इंजिन ट्रिचीत होतं. मेस्त्रीने स्वतः जाऊन कॉम्प्रेशन बघितलं होतं, तेलाचं झाकण उघडून वास घेतला होता. खर्च जवळजवळ निम्मा. तीन दिवस. उजवी बाजू सगळीकडून सरस होती आणि मी पान मिटणार होते.

तेवढ्यात मेस्त्री म्हणाला, "अम्मा, दुसरं इंजिन बसवायचं तर आर. सी. बुकात ज्याचं नाव, त्याची सही पाहिजे. वर गेलेल्या माणसाची सही कुठून आणणार?"

इंजिनावर नंबर असतो आणि तो बुकातही असतो, हे मला ठाऊक होतं. पुष्कळ जण तसंच बसवून चालवतात, हेही ठाऊक होतं. पण दोन वर्षांपूर्वी या मेस्त्रीने बसवलेलं एक इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं होतं, आणि चार दिवस पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून त्याने कानाला खडा लावला होता. गाडी अजून अप्पांच्याच नावावर होती. विमासुद्धा मी फोनवरून अप्पांच्याच नावाने भरला होता. मेस्त्री अडून बसणारा नव्हता. नाव बदलायचा अर्ज टाका, पावती दाखवा, मला तेवढं पुरे, असं त्याने सांगितलं.

भावाने ब्राउझिंग सेंटरमधून अर्ज छापून आणला. गाडी त्याच्या नावावर व्हायला बाकीच्या वारसांची हरकत नाही अशा दोन सह्या हव्या होत्या, आईची आणि माझी. रात्रीच्या जेवणाआधी त्याने सही केली, आईकडून करून घेतली. मग अर्जाला जोडायचा वारस दाखला मिळाला का, असं मला विचारलं. मी भात वाढत होते. त्याने माझी वहीच उचलली.

वहीबद्दल सांगायला हवं. अप्पा गेले त्या आठवड्यात मी करायच्या कामांची यादी केली होती, एकोणीस ओळींची. मी याद्या देवनागरीत करते. आमच्या घरात बोलतो ते मराठी, पण लिहिता-वाचता फक्त अप्पांना यायचं आणि त्यांनी मला शिकवलं. भाऊ बसला नाही शिकायला. आई तमिळमध्ये सही करते. त्यामुळे वही ओट्यावर उघडी पडली तरी माझीच असते. भाऊ त्यावरून मला नेहमी चिडवायचा की अक्काच्या वहीत देवालाही नंबर दिलेला असेल, आणि तोही खालचा.

त्याने ते पान काढलं. अठरा ओळींपुढे बरोबरची खूण होती. एका ओळीपुढे नव्हती.

"ही एकच राहिलीय. दाखल्याचीच ना, अक्का?"

"हो. तीच."

दाखल्याची ओळ सातवी होती आणि तिच्यापुढे खूण होती. दाखला मागच्या वर्षीच तहसीलदार कचेरीतून आणून मी कपाटात ठेवला होता. त्याने बोट ठेवलं होतं त्या ओळीत लिहिलं होतं: गाडीचं नाव बदलणे, घाई नको.

घाई नको, कारण नावावर झाली की तो विकेल असं मला वाटत होतं. अप्पा एकदा दीड महिना दवाखान्यात होते, तेव्हा भावाने त्यांची स्कूटर विकून पैसे मोबाइलचं दुकान काढणाऱ्या मित्राला दिले होते. दुकान निघालं नाही, मित्रही दिसला नाही. अप्पा घरी आले आणि दोन वर्षं सायकलने बाजारात गेले. ते काही बोलले नाहीत म्हणून मीही बोलले नाही. आमच्या दोघांचीही लग्नं राहिली. इथे आपल्यातली मराठी घरं थोडी, आणि जी होती ती एकेक करून चेन्नईला, बेंगळुरूला गेली. गाडी विकून हाही गेला तर घरात आई आणि मी. हे दुसरं कारण मी वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.

मी त्याला सांगितलं की दाखल्याला तीन-चार आठवडे लागतील. मी ऑफिसात रेकॉर्ड सांभाळते, कागदांच्या बाबतीत घरात माझा शब्द शेवटचा. त्याने मान हलवली आणि ताटावर बसला. पण तो लगेच हरला नाही. म्हणाला, मेस्त्रीला गळ घालू, पावती नंतर देऊ, मला दोन तारखेला गाडी पाहिजे. तेव्हा मी डाव्या बाजूची वकिली केली. परक्या इंजिनाने काय काय सोसलंय कोणाला माहीत. ठोकर मागून बसली म्हणतात, आपण बघितली का? आपलं इंजिन आपल्या हातातलं आहे, बांधलं तर पाच-सहा वर्षं बघायला नको, बाई थांबतील आठवडाभर. सगळं खरं वाटेल असंच होतं. तो म्हणाला, "सरी, बरं. तू म्हणतेस तर बांधू."

भांडी आवरताना आईने हळूच विचारलं, "तो पेपर मिळाला होता ना गं?"

"मिळाला होता."

तिने ताट पुसून फळीवर ठेवलं. "मग असू दे," म्हणाली.

पंधराचे सतरा दिवस झाले. ट्रिचीत क्रँक घासणाऱ्याच्या घरी लग्न निघालं. शाळा उघडली, शिक्षिकांनी पहिले तीन दिवस बसने हाल काढले आणि चौथ्या दिवशी दुसरी गाडी ठरवली. मोठ्या बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं, अप्पांची आठवणही काढली. भाऊ फोनवर "परवाइल्लै मॅडम, परवाइल्लै" म्हणत राहिला. तमिळमध्ये याचा अर्थ काही हरकत नाही असा होतो.

गाडी आली ती उत्तम. इतकी हलकी ती अप्पांच्या वेळीही चालली नसेल. पण नव्याने बांधलेल्या इंजिनाला पहिले हजार किलोमीटर ओझं घालायचं नसतं, चाळीसच्या पुढे पळवायचं नसतं, आणि मध्येमध्ये थांबवून गार करायचं असतं. भाऊ ते इमानाने करायला लागला. सकाळी बरोबर पूर्वीच्याच वेळी रिकामी गाडी काढायचा आणि त्याच रस्त्याने जायचा. मी विचारलं, दुसरा रस्ता नाही का? तो म्हणाला, हाच रस्ता सपाट आहे. एका शनिवारी मी बरोबर गेले. कालव्यांत अजून पाणी सुटलं नव्हतं, दोन्हीकडे भेगाळलेली शेतं. वाटेत मागून हॉर्न वाजला. भावाने गाडी कडेला घेतली आणि एक पांढरी व्हॅन पुढे गेली. मागच्या काचेतून दोघीतिघींनी हात हलवले. त्याने हेडलाइटची उघडझाप केली. वेगाच्या काट्याकडे बघत म्हणाला, "अडतीस. बरोबर आहे."

हजार किलोमीटर झाल्यावर तेल बदललं, मग गाडी दारात उभी राहिली. बाकीच्या शाळांच्या गाड्या ठरून गेल्या होत्या. लग्नाची एखादी फेरी, एकदा एका मृदंगवाल्याला सामानासकट कुंभकोणम्, बाकी नाही.

जुलैत तिरुप्पूरच्या एका गिरणीत ड्रायव्हरची जागा निघाली. अर्जाला कुटुंबाचे कागद हवे होते. मी ऑफिसात होते, म्हणून त्याने आईला विचारलं आणि आईने कपाटातली फाइल काढून अख्खीच त्याच्या हातात दिली. दाखला तमिळमध्ये असतो. त्यावर मागच्या वर्षीच्या तारखेचा शिक्का आहे.

मी घरी आले तेव्हा तो पायरीवर बसला होता. फाइल त्याच्या शेजारी, दोरी बांधलेली. मी चप्पल काढेपर्यंत थांबला.

"भरवसा नाही म्हणून सांगायचं होतंस, अक्का. मी उरलेल्या दिवसांत दुसरी गाडी भाड्याने बघितली असती. त्या सहाजणी राहिल्या असत्या."

मी स्कूटरचं काढलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्या सतरा दिवसांत त्याने काही विकलं नव्हतं, मीच त्याचं काम घालवलं होतं. "हो," म्हणाले.

तो आत गेला आणि गाडीच्या नावाचा तोच अर्ज आणून माझ्या टेबलावर ठेवला. घड्या पडल्या होत्या, आईच्या सहीवर तेलाचा डाग. विकणार का, असं मी विचारलं. त्याने खरंच विचार करून उत्तर दिलं: तिरुप्पूरचं जमलं तर विकेन, नाही जमलं तर चालवीन. पण ते माझं मला ठरवू दे. जेवायला तो आमच्याबरोबरच बसला, आईला ताक वाढलं, माझ्याशी फक्त मीठ मागण्यापुरतं बोलला.

त्याला तीन आठवडे झाले. तिरुप्पूरहून अजून उत्तर नाही. गाडी रोज सकाळी पाच मिनिटं सुरू करून ठेवतो. बॅटरी उतरू नये म्हणून, असं आईला सांगतो. गाडीचा आवाज बंद झाला की आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन तो दारातच आहे ना, हे बघून जाते.

आजच्या यादीत पाच कामं होती. गॅस सांगितला. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणल्या. विजेचं बिल भरलं. मागच्या दाराची कडी बसवून घेतली. अर्जावर माझ्या सहीची जागा कोरी आहे.