वहिनी स्टेअरिंग धरायची

आमच्या वहिनीने जन्मात कधी गाडी चालवली नाही, पण सव्वीस वर्षं ती ड्रायव्हरच्याच जागेवर बसली. दादाचं गॅरेज. दादा गाडीखाली आडवा आणि ही वर स्टेअरिंग धरून. मांडीवर शेंगांचं ताट, एक हात शेंगांत आणि एक हात स्टेअरिंगवर. दादाने खालून हलव म्हटलं की ही जरासं डावीकडे-उजवीकडे हलवायची, आणि दादा सांध्यावर दोन बोटं ठेवून कुठे ढिलं झालंय ते ओळखायचा. धरलंस का विचारलं की "धरलंय हो" म्हणायची, आणि मग हात भरून आला तरी सोडायची नाही. गिऱ्हाइकांना सांगायची, आयुष्यभर गाडीत बसले बाई, पोचले मात्र कुठेच नाही.

तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत ती गेली.

मग दादाची मुलगी, एकुलती एक, मागेच लागली. बाबा, आता पुरे झालं, गॅरेज बंद करा, माझ्याकडे राहायला चला. दादा ऐकेना. घरी बसून काय भिंती मोजू का म्हणाला. शेवटी वैतागून त्याने सांगितलं की एक मोठं काम एकट्याने करून दाखवतो, नीट झालं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही झालं तर, असं तिने विचारलं. त्यावर तो उठून गॅरेजचं शटर उघडायला गेला.

दोनच दिवसांनी शिवणकामवाली बाई गाडी घेऊन आली. जुनं गिऱ्हाईक, पण लांब राहणारी, वर्ष-दोन वर्षांनी उगवायची. गाडी फुटपाथच्या कडेवर जोरात आपटलेली. तेव्हापासून एका बाजूला ओढायची, वळताना खडखडायची. दुसरीकडे दोनदा चाकांचं अलाइनमेंट करून झालं होतं, चार दिवसांत पुन्हा तेच.

दादाने गाडी जॅकवर घेतली आणि खाली शिरला. वर हलवायला कोणी नाही, म्हणून एका हाताने चाक ढकलायचं आणि दुसऱ्या हाताने सांधा चाचपायचा. दहा मिनिटांच्या कामाला तास गेला, पण सापडलं. रॅकवरचं रबर फाटलेलं, आत पाणी शिरून गंज चढलेला, आणि दांडाच वाकलेला. रॅक म्हणजे तोच, स्टेअरिंग फिरवलं की दोन्ही चाकं वळवणारा. तो वाकला की सरळ करत बसायचं नसतं, बदलायचाच. नवा आणवला.

आता जुना काढायचा तर स्टेअरिंगचा दांडा रॅकला जिथे जोडलेला असतो तिथला बोल्ट काढावा लागतो. तो निघाला की वरचं स्टेअरिंग मोकळं, गरगर फिरतं. आणि ते फिरू द्यायचं नसतं, कारण त्याच्या पोटात एक चपटी वायर गुंडाळलेली असते, हॉर्नची आणि एअरबॅगची. एक फेरा जास्तीचा पडला की ती पुढे कधीतरी तुटते. दादाला हे माहीत नव्हतं असं थोडंच आहे. त्याने पाना लावला, सवयीने "धरलंस का?" म्हणाला आणि बोल्ट ओढला. उत्तर सव्वीस वर्षं न चुकता आलेलं, ते ऐकायला थांबायची सवयच राहिली नव्हती.

बाहेर येऊन उठताना गुडघ्याने दगा दिला. उघड्या दारातून स्टेअरिंगचाच आधार घेतला, ते फिरलं. त्याने तसंच पुढे फिरवत नेऊन सरळ केलं. सरळ दिसलं. एक अख्खा फेरा चुकला होता ते कुठून दिसणार.

नवा रॅक बसला, चाकं सरळ लागली. दादाने हात पुसायच्या आधी मुलीला फोन लावला. झालं बघ म्हणाला, एकट्याने. ती म्हणाली बरं बाबा, नाही काढत विषय.

मग बाईला शेजारी बसवून फेरी मारायला निघाला. गाडी सुतासारखी सरळ. गल्लीच्या टोकाला परत फिरायला स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवलं, आणि हाताखाली कट् झालं. समोर एअरबॅगचा लाल दिवा. हॉर्न दाबला तर मुका.

दादाने गाडी कडेला घेतली. माझी चूक झाली बाई, म्हणाला, काम चालू असताना स्टेअरिंग धरायला कोणी नव्हतं.

"का? वहिनी असतात की वर बसलेल्या."

"गेली ती."

एवढे दिवस घरात माणसं येत होती, पण सांगायचं काम दुसऱ्याच कोणीतरी केलेलं. दादाच्या तोंडून ते पहिल्यांदाच निघालं. बाईने नुसता त्याच्या मनगटावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी गाड्यांची वायरिंग करणाऱ्याने नवी वायर बसवून दिली. बोल्ट काढायच्या आधी सीटबेल्टने स्टेअरिंग बांधायचं असतं हो, सगळेच बांधतात, असंही म्हणाला. मला कधी बांधावं लागलं नाही, दादा म्हणाला.

मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. गप्प बसला असता तर कुणी सांगायला जाणार नव्हतं. पण रविवारी ती आली तेव्हा दादाने पहिल्यापासून सगळं सांगितलं. आता गंमत बघा, इतके दिवस बंद करा म्हणणारी तीच समजूत घालायला लागली. बाबा, चूक कोणाच्या हातून होत नाही, यापुढे बेल्टने बांधत जा.

"बांधीन गं. बांधायला काय," दादा म्हणाला. "पण मी तिला विचारलं, आणि ती वर आहेच असं धरून बोल्ट ओढला. आज वायर गेली. उद्या ब्रेकचं काम असंच करून ठेवलं तर?"

ती खूप रडली.

आठवड्याभरात गॅरेज आवरलं. दादा आता मुलीकडे असतो. कुठे निघाले की ती पुढचं दार उघडून देते, तो मात्र मागेच बसतो. स्टेअरिंगशेजारी बसलं की 'धरलंस का' तोंडात येतं म्हणतो.