वाफसा येण्याआधी

ओल्या काळ्या मातीच्या वासात पेट्रोलचा वास मिसळला, की दोन्ही एकमेकांना बिघडवतात. तरीही नाकाला ते मिश्रण थोडा वेळ आवडते. मेअखेरच्या एका रविवारी चर्चमधली उपासना आटोपून आलो, कपडे बदलले आणि भाड्याने आणलेला छोटा रोटाव्हेटर दोरी ओढून सुरू केला, तेव्हा भिंगारमधले आमचे परस त्या वासाने भरून गेले. यंत्राची थरथर मनगटांतून खांद्यांपर्यंत चढत होती. आपण जमिनीशी काही बोलत आहोत असे मला वाटत होते. खरे तर एकटे यंत्रच बोलत होते!

परस चोवीस फूट लांब, अठरा फूट रुंद. म्हणजे चारशे बत्तीस चौरस फूट. पाती सहा इंच खोल जातात की नाही, हे मी तीन ठिकाणी पट्टी खुपसून पाहिले. एकदा उभे, एकदा आडवे, मिळून पंचावन्न मिनिटे. मोजमापात माझे सहसा चुकत नाही.

हा सारा खटाटोप वाळकांसाठी, त्या गावठी काकड्यांसाठी होता. सासूबाई तिसगावचे घर आवरून आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा राखेत घोळलेले वाळकाचे बी त्यांनी फडक्यात बांधून आणले. त्यांची जमीन आता दुसरा कसतो आणि कांदा घेतो. बाजरीत वाळकाचे वेल सोडायला तिथे कोणाला सवड नाही. दोन वर्षे हे बी मातीत पडले नव्हते. यंदाही राहिले, तर सासूबाईंनी लग्नापासून दरसाल जपलेले वाण त्या फडक्यातच संपणार होते. मृगाच्या आत पेरायचे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

चूक आदल्या संध्याकाळीच झाली होती. जमीन दगडासारखी आणि यंत्र एका दिवसापुरते; म्हणून मी पाइप लावून तासभर पाणी सोडले. सासूबाई ओट्यावर बसून पाहत होत्या.

“जावईबापू, वाफसा तर येऊ द्या. आज पानी न् उद्या मशीन?”

“मशीन सोमवारी परत द्यायचंय, आई.”

“मग मातीला सांगा तसं. म्हनावं, सकाळपर्यंत वाळ!”

मी हसलो आणि पाणी चालू ठेवले.

रविवारी पात्यांना चिखलाचे गोळे चिकटले, मी ते काढत राहिलो. वरून रान भुसभुशीत दिसत होते. बुधवारपर्यंत उन्हाने त्याची ढेकळे केली. मुठीएवढी, काही नारळाएवढी, खुरप्याला दाद न देणारी. सासूबाईंनी त्यातले एक उचलून माझ्यापुढे धरले. “ह्याचं घर बांधता का? लई शानं हाय तुमचं मशीन, पर त्येला मूठ वळून बघता येत न्हाई.”

पुढचे सहा दिवस मी संध्याकाळी झारीने हलके पाणी शिंपले, आणि ढेकळे सैलावली तशी लाकडी मोगरीने फोडली. वाफसा, म्हणजे माती ओली असावी पण चिकटू नये, हे मला ऐकून ठाऊक होते. पण ती वेळ किती तासांनी येते? किती बादल्यांनंतर? मी विचारले, तेव्हा “येती तवा कळती” एवढेच उत्तर मिळाले. आकड्यांवर विसंबणाऱ्या माणसाला याहून अस्वस्थ करणारे उत्तर कोणते असेल! आकडे खोटे नव्हते. फक्त मी मोजत होतो ते जमिनीचे आकारमान, आणि प्रश्न होता तिच्या अवस्थेचा.

सातव्या सकाळी त्यांनी मला माती मुठीत वळायला लावली. लाडू झाला. कमरेइतक्या उंचीवरून सोडला, तो पडताच विस्कटला. सासूबाईंनी मान डोलावली आणि वेलांसाठी आळी करायला सांगितले. सगळी मिळून आठ! चारशे बत्तीस चौरस फुटांपैकी त्यांना तेवढीच जागा हवी होती.

मग त्यांनी फडके सोडले, निम्मे बी माझ्या तळहातावर ठेवले आणि उरलेले पुन्हा बांधले. उंदीर असतात, पाऊस दडी मारतो. शहाणा माणूस सगळे बी एकदम मातीत टाकत नाही, हे मला कळते. तरीही त्या गाठीतले काही दाणे माझ्या भरवशावर सोडायला नकोत म्हणून मागे राहिले असावेत, असे मला वाटून गेले. वाकून पहिल्या आळ्यात बोट खुपसताना मला ते रास्तच वाटले.