पदराखालची बरणी

आमच्या कॉलनीतल्या निम्म्या बायकांची गर्भपिशवी सोबतकाकूंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. वाचून अंगावर काटा आला असेल तर येऊ द्या, आमच्याही यायचा. कुणाच्या बारशाला किंवा लग्नाला काकू यायच्या नाहीत. पण कुणाचं पिशवीचं ऑपरेशन ठरलं, की त्या भल्या सकाळी आंघोळ करून, डब्यात दशम्या घेऊन दवाखान्याच्या बाकावर हजर. नर्स विचारायची, "पेशंटच्या सोबतीला कोण?" आणि जी ती म्हणायची, "काकू." तेच नाव पडलं. खरं नाव त्यांच्या रेशनकार्डावर असेल, मला आजही आठवत नाही.

ज्यांच्यावर वेळ आली नाही त्यांच्यासाठी सांगते. पिशवी काढली की नर्स ती ट्रेमध्ये ठेवून बाहेर आणते आणि म्हणते, "नातेवाईक कोण? बघून घ्या." त्या क्षणी नवरे पांगतात. एकाला फोन येतो, दुसऱ्याला गाडी उन्हात लावल्याची आठवण होते. काकू मात्र उठायच्या, चप्पल बाजूला काढायच्या, पदराने चष्मा पुसायच्या आणि वाकून अगदी निवांत बघायच्या. मग हात जोडून ट्रेशी बोलायच्या, "लय केलं बाई तू. जाय आता." नव्या नर्सेस घाबरून एकमेकींकडे बघत. जुन्या मात्र काकूंचं बोलणं संपेपर्यंत ट्रे धरून उभ्या राहत.

संध्याकाळी बाई शुद्धीवर आली, की काकू तिच्या उशाशी बसून सांगायच्या, "तुही पिशवी चांगली होती वं, पन थकेल होती." एकीला म्हणाल्या, "तुही रागात दिसली मले. कोनावर रागावली होती तू?" ती बाई ढसाढसा रडली आणि मग रात्रभर शांत झोपली. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलेलं असायचं, पण आपल्या अंगातून काय गेलं ते कसं दिसत होतं, हे सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. त्यामुळे आम्ही काकूंना घाबरायचो आणि वेळ आली की त्यांनाच बोलावायचो.

काढलेली पिशवी औषधाच्या पाण्यात, प्लॅस्टिकच्या बरणीत घालून लॅबमध्ये तपासायला द्यावी लागते. ती नातेवाइकांनीच न्यायची. हे कामही काकूंचं. ऑटोत बसल्या की बरणी मांडीवर आणि तिच्यावर पदर. "ऊन नाई लागू देवाव तिले," म्हणायच्या. एकदा ऑटोवाल्याने सहज विचारलं, "काय हाये काकू, लोणचं का?" काकू म्हणाल्या, "नाई बाप्पा. देशमुखाच्या सुनेची पिशवी हाये. गड्डे पाहून चालव." तो बिचारा सगळी वाट एका बाजूने, सावकाश चालवत गेला आणि एकदाही आरशात बघितलं नाही. त्याने पुन्हा काकूंना बसवल्याचं कुणी पाहिलं नाही.

पण खरी भीती होती ती त्यांच्या दुपारच्या फेरीची. अमरावतीचा मे महिना म्हणजे बाराला रस्त्यावर चिटपाखरू नसतं. दारं लावलेली, घराघरात कूलर घरघरताहेत, आणि त्या पांढऱ्याफटक रस्त्यावरून काकू एकट्या चालायच्या. डोक्यावर पदर, हातात काही नाही. मधेच एखाद्या फाटकाशी थांबून आत बघत उभ्या राहायच्या. कुणी बाहेर आली की विचारायच्या, "तुले अंगावरून जास्त जाऊन राहिलं का?" बस, एवढंच. शेजारची वर्षा शपथेवर सांगायची, की काकू जिच्या फाटकाशी थांबल्या ती बारा महिन्यांत ऑपरेशनच्या टेबलावर गेलीच. मी शाळेत विज्ञान शिकवते. मी तिला म्हणायचे, "अगं, चाळिशीच्या आसपास कितीतरी जणींना गाठी असतातच. कुणाच्याही दारात थांबलं तरी खरं ठरेल." हे मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे. मग एका दुपारी त्या माझ्या फाटकाशी थांबल्या.

"मास्तरीन," त्या म्हणाल्या, "खुर्चीवरून उठतानी मांगं कावून पाह्यते तू?"

खरंच होतं ते. कित्येक महिने पाळी आली की मी वर्गात खुर्चीवरून उठतच नव्हते, पिशवीत जादा साडी घेऊन जात होते, जिना चढताना धापा टाकत होते. नवऱ्याला, प्रशांतला, अर्धंच सांगितलं होतं आणि इतर कुणाला तर काहीच नाही. पस्तिशी ओलांडली होती, मूल नव्हतं, आणि मला मूल हवं होतं. दवाखान्यात गेले तर काहीतरी ऐकावं लागेल, म्हणून जात नव्हते. काकू मला हाताला धरून घेऊन गेल्या.

सोनोग्राफीत तीन गाठी निघाल्या. दोन लहान, एक मोठी. डॉक्टरीणबाई स्वभावाने फार चांगल्या, पण बोलता बोलता म्हणाल्या, "गर्भ असता तर चौथा महिना म्हटलं असतं, एवढं पोट आहे." त्यांच्या धंद्यात तसंच मोजतात. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. मी रोज पोटावर हात ठेवून बसायला लागले. तो टणक गोळा हाताला लागायचा आणि, सांगायला लाज वाटत नाही, बरं वाटायचं. काकूंनी एकदा पाहिलं आणि माझा हात उचलून बाजूला ठेवला. "त्याच्याशी नको बोलू. गाठ हाये ते, लेकरू नाई. लेकरू समजून बसली तं निघनार नाई ते."

मग सल्ल्यांचा पूर आला. अचलपूरहून सासूबाई आल्या. "काढून टाक ना पिशवी, कटकट जाईल. मी नाही का काढली?" त्यांनी हे मायेनेच म्हटलं, म्हणून जास्त लागलं. त्यांच्या भावाने धारणीकडून कुठल्याशा सालीची पूड आणून दिली. दोन दिवस घेऊन मला उलट्या झाल्या. काकूंनी पुडीचा वास घेतला आणि ती सरळ नालीत टाकली. पण त्यांचं स्वतःचं शास्त्र काही कमी नव्हतं. त्यांच्या मते बाई जे बोलणं गिळते ते खाली जाऊन साचतं आणि त्याच्या गाठी होतात. मी त्यांना हार्मोन समजावून सांगितले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तेच तं म्हनून राहिली मी."

डॉक्टरीणबाईंनी मात्र सगळ्या वाटा पुढ्यात मांडल्या. गोळ्यांनी रक्तस्राव कमी होईल, पण गाठ जाणार नाही. इंजेक्शनांनी ती लहान होईल, पण बंद केल्यावर पुन्हा वाढू शकते. नागपूरला मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा तोडतात, पोट फाडावं लागत नाही, पण मूल हवं असलेल्या बाईला त्या ते आधी सुचवत नाहीत. नुसत्या गाठी काढता येतील, पण टेबलावर रक्त जास्त जाऊ शकतं आणि गाठी पुढेमागे परत होऊ शकतात. पिशवीच काढली तर गाठींचा प्रश्न कायमचा संपेल. आणि मुलाचाही.

काकूंनीच विचारलं, "नाई काढली पिशवी, तं मरंल का हे?"

"नाही हो," डॉक्टरीणबाई हसल्या. "गाठी साध्या दिसताहेत. अंगात रक्त कमी आहे, ते आधी भरून काढू. मग सावकाश ठरवा."

"मंग इचार करायले येळ हाये," काकू म्हणाल्या आणि उठल्या.

त्या महिन्यांत मी शिरेतून लोहाच्या बाटल्या घेत होते. बाटली संपेपर्यंत काकू शेजारी बसत. असंच एकदा त्यांनी स्वतःचं सांगितलं. अकोल्यात, अगदी तरुणपणी, त्यांचीही पिशवी गाठींपायीच काढली होती. मूल झालेलं नव्हतं. नर्सने ट्रे बाहेर आणला आणि त्यांच्या नवऱ्याला म्हणाली, बघून घ्या. शुद्धीवर आल्यावर काकूंनी त्यांना विचारलं, कशी होती? ते म्हणाले, चक्कर येईल म्हणून मी डोळे मिटले होते.

"मंग म्या त्याले इचारतच राहिली," काकू म्हणाल्या. "भाकरी थापतानी इचारलं, देवाले जातानी इचारलं. तो मरून राहिला तईसुद्धा इचारलं. चांगली होती म्हने. खोटं बोलला बिचारा. माह्यासाठी बोलला." मग बाटलीतल्या थेंबांकडे बघत म्हणाल्या, "तू काढ नाईतं ठेव. पन डोये मिटून काई करू नको."

मला रडू आलं. घरी येऊन मी प्रशांतला पहिल्यांदा सगळं सांगितलं. मूल होईल न होईल, पण मला माझी पिशवी हवी आहे, हेही सांगितलं. तो म्हणाला, "मग ठेवू या ना. मला कुठे काय म्हणायचंय!" एवढं सोपं होतं ते. आम्ही नुसत्या गाठी काढायच्या ठरवल्या. मात्र रक्त थांबलं नाही तर पिशवीही काढावी लागेल, या कागदावरही मला सही करावी लागली.

पुढचं मला प्रशांतने सांगितलं, कारण मी टेबलावर होते.

नर्सने ट्रे बाहेर आणला. आत फक्त तीन गाठी, पांढऱ्या आणि टणक, उकडलेल्या रताळ्यासारख्या. काकूंनी चष्मा पुसून पाहिल्या, पण हात जोडले नाहीत. "हे तं पाहुने. पाहुन्यायले कायचा नमस्कार?" एवढंच म्हणाल्या. नर्सने गाठी बरणीत भरल्या आणि लॅब दुपारी बंद होण्याआधी पोचवायला सांगितल्या. प्रशांत निघाला, तर काकूंनी त्याला खाली बसवलं. "तुमी बसा जवाईबापू. सही लागली तं नवरा लागते. पन सही करायच्या आधी मले फोन लावजा." त्यांनी पदर बरणीवर ओढला आणि त्या ऑक्टोबरच्या उन्हात निघून गेल्या.

अर्ध्या तासाने नर्स घाईने बाहेर आली. रक्त थांबत नाही, बहुतेक काढावी लागेल, आणखी एक सही हवी. प्रशांतने एका हातात पेन घेतलं आणि दुसऱ्या हाताने काकूंना फोन लावला. नुसती घंटी वाजत राहिली. त्याने पुन्हा लावला. नर्स ओरडायला लागली. माझा नवरा जिथे सांगाल तिथे सही करणारा माणूस, पण त्या दिवशी तो फोनच लावत राहिला. शेवटी दार उघडून दुसरी नर्स म्हणाली, "राहू द्या. थांबलं."

आणि तेव्हाच पलीकडून फोन उचलला गेला. आवाज पुरुषाचा होता. "ह्या बाई तुमच्या कोण लागतात?" लॅबमधला माणूस बोलत होता. काकू बाकावर ताठ बसल्या होत्या, मांडीवर बरणी, वर पदर. नंबर यायची वाट बघताहेत असंच सगळ्यांना वाटलं. फोन वाजतोय, वाजतोय आणि बाई उचलत नाहीत, म्हणून कुणीतरी खांद्याला हात लावला. काकू केव्हाच गेल्या होत्या.

मला यातलं काही कळू दिलं नाही. काकूंना ऊन लागलंय, घरी पडून आहेत, असं सगळे सांगत राहिले. अकोल्याहून त्यांचा पुतण्या आला आणि त्याने सगळं केलं, तेही मला नंतर समजलं. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, प्रशांतने सहीला उशीर केला म्हणून पिशवी वाचली का? त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, सहीसाठी कोण थांबतं? मी आत दाबून धरून होते. एकदा वाटलं, आता काढावीच लागणार. मग थांबलं. थांबतं कधीकधी." लॅबचा रिपोर्ट आला, गाठी साध्याच निघाल्या.

टाके निघाले त्या दिवशी घरी आल्यावर प्रशांतने मला खुर्चीवर बसवलं आणि हळूहळू सगळं सांगितलं. मी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असं कसं? त्या आल्या होत्या मला भेटायला."

"कधी?"

"ऑपरेशननंतर लगेच. मला नीट डोळे उघडता येत नव्हते. पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. मी हात पुढे केला, तर जवळ येईनात. म्हणाल्या, 'हात नाई लावत तुले, मास्तरीन. माह्या हाताले औषध लागलं हाये. आतच हाये तुही पिशवी. म्या पाह्यली. झोप आता.' मग मी झोपले."

प्रशांत माझ्याजवळ खाली बसला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "बरणीचं झाकण सैल होतं. औषधाचं पाणी सगळं त्यांच्या हातांवर सांडलं होतं. लॅबमध्ये गेल्यावर मीच त्यांच्या मांडीवरून ती बरणी उचलली. हे मी कोणालाच बोललो नाही. तुला कोणी सांगितलं?"

मी काय सांगणार? मला भीती नाही वाटली. फक्त वाटलं, एवढ्या उन्हातून माझ्यासाठी आली ती बाई, तिला हात धुवायला तांब्याभर पाणी तरी कुणी द्यायला हवं होतं.