नखाएवढ्या मशीनची पूजा

माझ्या पीएचडीचं सहा महिन्यांचं काम मी खंडेनवमीच्या सकाळी नेलपॉलिश रिमूव्हरनं घासून टाकलं.

काम होतं नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर. त्याच्या चकचकीत बाजूला फेरोइलेक्ट्रिक पदार्थाचा थर होता, केसाच्या जाडीचे हजारो भाग केले तर त्यातल्या एकाएवढा. अशा पदार्थाला विजेचा झटका दिला की त्याचे अणू जरासे सरकतात आणि वीज गेली तरी तिथंच राहतात. म्हणजे दिलेलं लक्षात ठेवतात! यातून अगदी कमी विजेवर चालणारे कॉम्प्युटर बनू शकतात. पण इतक्या पातळ थरात ही आठवण टिकते का? ते मोजायला पुण्याच्या एका प्रयोगशाळेत दसऱ्यानंतरची वेळ मिळाली होती, म्हणून तुकडा डबीत घालून मी बजाजनगरला घरी आणला.

बाबांनी वाळूजच्या कारखान्यात तीस वर्षं लेथ मशीन चालवलं. खंडेनवमीला ते घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडतात. त्यांनी विचारलं, तुझं मशीन कोणतं? मी ऐटीत डबी पुढं केली आणि चहा गार होईस्तोवर व्याख्यान दिलं. (कुणी मागितलं नव्हतं.) त्यावर बाबांनी एकच प्रश्न विचारला, हे काम कोणत्या बाजूनं करतं? चकचकीत, असं सांगून मी आंघोळीला गेले.

परत येऊन बघते तर स्टीलच्या ताटात पाना, मायक्रोमीटर, आईची कात्री, झेंडू, अक्षता आणि मधोमध माझा तुकडा. हळदीकुंकवानं पार झाकलेला! बाबा काहीतरी सांगायला लागले, मी त्यांना बोलूच दिलं नाही. माझे सहा महिने तुम्ही मातीत घातले, असं मी त्यांना म्हणाले, अजून बरंच काय काय बोलले. आई म्हणाली देवाचं कुंकू हाय, त्यानं काय होतंय. तिलाही गप्प केलं. मग रिमूव्हर आणला, तुकडा बोटानं ताटातच दाबून धरला आणि कापसानं खसाखसा घासला.

कुंकू निघालं. खालून निघाली राखाडी, खरखरीत बाजू. उलटा करून बघितला तर अक्षतांवर आणि ताटावर घासून चकचकीत बाजूची चाळणी झालेली.

बाबा शांतपणे म्हणाले, "काम करायच्या तोंडाला कुंकू लावतेत व्हय, माय? पाठीला लावलं होतं मी."

मी तिथंच फतकल मारून रडले. लई लाज वाटली, तुकड्यापेक्षा जास्त बाबांना बोलले त्याची. तसं त्यांना सांगितलंसुद्धा. त्यांनी पेढा हातावर ठेवला.

पुढं नवा तुकडा तयार झाला आणि पुण्याला न्यायच्या आधी मी तोही घरी आणला. तो बाबांनी स्वतःच्या हत्यारांच्या पेटीत ठेवला आणि कुलूप लावलं. मी चावी मागितली.

"पुण्याची गाडी कितीची हाय?" बाबा म्हणाले. "तवा देतो."

मी मुकाट्यानं तिकीट दाखवलं.