एकच गाव लिही

पडद्यावर लाल ओळ उमटली आणि सर हसले. फाईल माझी होती. प्रोजेक्टरवर माझं सगळं घर उघडं पडलं होतं. बाप, आई, भाऊ, आणि त्यांच्याखाली गावं. आटपाडी. तासगाव. मिरज. मलकापूर.

"काय गं, ही काय जत्रा मांडलीस?" सर म्हणाले. "माणसाला गाव एक असतं."

मागून एकजण म्हणाला, "सर, तिला लाइव्ह लोकेशन पाठवाय सांगा."

सगळी लॅब हसली.

सांगलीतला वेबसाइट बनवायला शिकवणारा क्लास. एक्सएमएल म्हणजे माहिती टॅगांत, नावांच्या खुणांत, मांडायची भाषा. तिच्या पहिल्या तासाला सर म्हणाले होते, एचटीएमएलमधले टॅग ठरलेले असतात, इथले टॅग तुमी ठरवायचे. ज्याला जे नाव द्यायचं ते द्या. हे ऐकून मी घरी नाचत गेले होते. आमच्या माणसांना आजवर नावं दुसऱ्यांनीच दिलेली.

मग सरांनी स्कीमा दिला. स्कीमा म्हणजे नियमांची फाईल. कोणता टॅग हवा, कुठे हवा, किती वेळा चालेल, हे त्यात लिहिलेलं. आपली फाईल त्या नियमांत बसली तर पास, नाहीतर लाल ओळ. सरावाला प्रत्येकाने आपल्या कुटुंबाची फाईल करायची होती. सरांच्या स्कीमात सदस्य कितीही चालत होते. गाव एकदाच.

आमचं घर मेंढरांचं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर चढतं आणि कळप पाण्याकडं निघतो. पाऊस लागला की माघारी. मी आटपाडीला जन्मले. चालायला शिकले तासगावच्या द्राक्षबागांच्या कडेनं. पहिली अक्षरं मिरजेच्या शिवारातल्या शाळेत गिरवली, दाराजवळ बसून. मलकापूरजवळ माझी धाकटी बहीण तापानं गेली. ती तिथंच मातीत आहे.

यातलं कुठलं काढू?

लाल ओळ येणार हे मला दिसत होतं. वाटलं, नियमात काय बदलायचं ते सर सांगतील. शिकायलाच तर आले होते.

सर नदीकाठचे, उसाच्या घरचे. माझ्याकडं न बघता ते वर्गाला सांगू लागले, "आमच्या रानात बी येत्यात असली माणसं. चार दिस बसत्यात, जात्यात. गाव विचारलं तर धड सांगाय येत न्हाई."

बसत्यात.

त्या लॅबमधल्या निम्म्या पोरांना हे घरूनच माहीत होतं. ऊस तुटला की रान मोकळं होतं. मग बापाला निरोप येतो, आमच्यात मेंढरं बसवा. अख्खा कळप त्या रानात मुक्कामाला. लेंडीमूत मातीत जिरतं. बाप उघड्यावर, आई उघड्यावर, आम्ही पोरं उघड्यावर. बदल्यात पायलीभर ज्वारी. पुढं त्या मातीत ऊस डोक्यावर जातो, आणि त्या उसावर बंगला उठतो.

मी उभी राहिले.

"बसत न्हाईत, सर. तुमी बसवता. बोलावून नेऊन."

कुणी हसलं नाही.

"बोलावताना गाव विचारता का?"

सरांचा चेहरा बदलला. "लय शानी झालीस व्हय? एक गाव लिही, बाकीची काढ. फाईल पास न्हाई तर सर्टिफिकेट न्हाई. मिरजेला नावं द्यायचीत, त्यात तुझं जाणार न्हाई."

मिरजेत एक ऑफिस होतं, दवाखान्यांच्या वेबसाइट करणारं. सर नावं देत, ते घेत. मी त्या नोकरीसाठीच आले होते. बापाला सांगून ठेवलं होतं, यंदा मी कळपामागं येणार न्हाई.

शेजारची मुलगी कुजबुजली, "ठेव की गं एकच. डिलीट दाबाय काय लागतंय?" तिच्या मनात वाईट नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं.

मी म्हणाले, "सर, सदस्य कितीबी चालतील असं तुमीच लिवलंय. गावाला बी तसंच लिवता येतं. एका ओळीचं काम हाय."

"नियम माझा हाय," सर म्हणाले. "खाली बस."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला खरं सांगितलं. नियम माझा हाय. तोवर मला वाटायचं, नियम उन्हापावसासारखे असतात. शाळेच्या दाखल्यावर एक पत्ता. रेशनला एक पत्ता. बाप खिडकीशी पटका सावरत उभा, आतला माणूस विचारतोय, "नक्की कुठलं?" आणि बाप खाली बघतोय, जणू चालणाऱ्या पायांचाच गुन्हा. त्या लॅबमध्ये मला कळलं की तो एका पत्त्याचा रकाना कुणीतरी टाइप केलेला असतो. खुर्चीत बसून, चहा पीत, स्वतःच्या घराकडं बघून. त्याचं घर जागेवर, म्हणून माणूस जागेवर. बाकीची चूक.

मी खाली बसले नाही. गावही काढलं नाही. फाईल लाल ओळीसकट जमा केली आणि बाहेर आले.

सर्टिफिकेट मिळालं नाही. मिरजेला नाव गेलं नाही. मी यंदा कळपामागं आहे. आई बोलत नाही, बाप बोलत नाही. ते चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही. घरात पगार आला असता.

पण शिकणं सोडलेलं नाही. रेंज असेल त्या बांधावर बसते. स्कीमा कसा लिहितात ते शिकते. त्या फाईलमधून वेबसाइटचं पान कसं उभं करतात, हव्या त्या टॅगपर्यंत वाट कशी काढतात, तेही. मोबाइलची काच फुटलेली आहे, अक्षरं दिसतात.

मला त्यांच्या नियमात पास व्हायचं नाही. मला नियम लिहायचे आहेत. आणि तोवर जिथं जिथं आमच्या माणसाला रकाना पुरत नाही म्हणून परत पाठवतील, तिथं मी जाऊन उभी राहणार. हा रकाना कुणी लिहिला, त्या माणसाचं नाव विचारणार. मग त्याच्यासमोर बसून विचारणार, कुणाला बाहेर ठेवायला लिहिलास? उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाही.